काठावरचे श्रम

सायप्रस बेटाच्या ईशान्येस समुद्रात दूरवर घुसलेले कार्पास नावाचे एक चिंचोळे द्वीपकल्प आहे. तेथील स्त्रियांचा जुना पोशाख संग्रहालयाच्या काचेआडून पाहताना एक शंका मनात आल्यावाचून राहत नाही. महिनोन्महिने खपून, डोळे शिणवून आणि मोलाचे रेशीम खर्ची घालून जी नक्षी त्या स्त्रियांनी सिद्ध केली, तिचा मोठा हिस्सा विजारीच्या अगदी खालच्या टोकाला, घोट्यापाशी का जावा? जेथे पाहणाऱ्याची दृष्टी सर्वांत शेवटी पोहोचते आणि जेथे धूळ व चिखल सर्वांत आधी पोहोचतात, अशा जागेवर इतकी मेहनत उधळणाऱ्या स्त्रिया एक तर अत्यंत अव्यवहारी असल्या पाहिजेत, नाही तर त्यांचा हिशेब आपल्या हिशेबाहून निराळा असला पाहिजे. आणि कष्टाळू शेतकरी समाजातील स्त्रिया अव्यवहारी असतात, हे मानावयास निदान मी तरी तयार नाही.

हा पोशाख एकावर एक चढविलेल्या थरांचा आहे. सर्वांत आत लांब बाह्यांचा आणि पायघोळ असा सुती अथवा सूत-रेशमाच्या मिश्र विणीचा सदरा असे, त्याला तिकडे पुकामिसो म्हणत; त्याखाली घोट्यापर्यंत येणारी विजार, म्हणजे व्राका; आणि या दोहोंवर पुढून सबंध उघडा व दोन्ही कुशींना चिरलेला अंगरखा, ज्याचे नाव सायिया. कमरेभोवती तिरपा दुमडून बांधलेला रुमाल, डोईला एकावर एक बांधलेले दोन रुमाल, आणि शेतात जावयाचे असेल तर पोदिनेस नावाचे चामड्याचे उंच बूट, इतकी सामग्री झाली की वेष पुरा झाला. सायिया नित्याच्या वापराची असेल तर ती आलात्झा नावाच्या पट्ट्यापट्ट्यांच्या किंवा चौकड्यांच्या जाड सुती कापडाची शिवीत, आणि हे कापड बहुतेक घरच्याच मागावर निघे. सणासुदीची असेल तर रेशमाचा अंश वाढे. बेटाच्या मध्यभागी पसरलेल्या मेसाओरियाच्या मैदानी गावांतून पुढे सायियाची जागा फुस्तानी या सलग झग्याने घेतली, परंतु कार्पासमध्ये आणि पश्चिमेकडे पाफोसच्या आडवळणाच्या खेड्यांत तिने बराच काळ तग धरला.

या थरांकडे जरा निरखून पाहिले की अलंकरणाची जागा कोणत्या नियमाने ठरली, ते उमगू लागते. वरचा थर जेथे संपतो आणि खालचा थर जेवढा डोकावतो, तेवढ्याच पट्टीवर नक्षी येते: सदऱ्याचा गळा, बाह्यांची टोके, सायियाच्या फटीतून दिसणारी छातीवरची उभी रेघ, विजारीची घोट्याजवळची अखेर, आणि डोईच्या रुमालाची कड. झाकल्या जाणाऱ्या विस्तीर्ण कापडावर एक टाकाही वाया गेलेला नसतो. येथे उधळपट्टीचा लवलेश नाही. उलट प्रत्येक टाक्याला तो पाहणारा डोळा मिळेलच अशी तजवीज करून मगच तो घातला आहे. शिवाय कापड विरते ते काठाशीच, आणि दाट भरलेला काठ साध्या काठापेक्षा अधिक टिकतो, ही गोष्ट ज्या हातांनी तेच वस्त्र वर्षानुवर्षे धुतले त्यांना कोणी शिकवावी लागत नव्हती. उपयोग आणि शोभा यांची जी फारकत आपण सौंदर्यशास्त्राच्या ग्रंथांतून वाचतो, ती या शिवणीत कोठे करावयाची, हे मला अद्याप सापडलेले नाही.

परंतु काठावर जे मांडले आहे ते कोणासाठी मांडले आहे, हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते या सबंध विषयाचे मर्म तेथे आहे. सायप्रसच्या स्त्रीचे वस्त्रालंकरण मला प्रामुख्याने साक्षीपुराव्यासारखे दिसते. तिने घेतलेल्या श्रमांचा तो दाखला आहे; तो गावापुढे रुजू करावयाचा असे, आणि त्यावरून निवाडाही दिला जाई. हा पुरावा पुढे अंगावरून उतरून बाजारात गेला, तेव्हा त्याचे आणि तो देणाऱ्या स्त्रियांचे काय झाले, ही हकीकत मनोरंजक आहे, आणि वाटते तितकी सरळ नाही.

प्रथम एक विसंगती ध्यानात घ्यावी लागते. सायप्रसच्या कापडाचा लौकिक मध्ययुगीन युरोपात फार मोठा होता. इ. स. 1192 पासून जवळजवळ तीन शतके या बेटावर ल्युसिन्यां या फ्रेंच घराण्याने राज्य केले, आणि 1489 पासून 1571 पर्यंत व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा अंमल होता. त्या काळात निकोसियाची तलम लोकरी वस्त्रे व रेशमी कापडे, आणि ‘सायप्रसचे सोने’ या नावाने ओळखली जाणारी जरीची तार, ही युरोपातील राजवाड्यांच्या व देवळांच्या मालमत्तेच्या याद्यांतून सन्मानाने नोंदलेली आढळतात. बेटावरचा कापूस व्हेनिसच्या गलबतांतून रवाना होई आणि व्हेनिसच्या खजिन्यात भर टाकी. ज्या शेतकरी स्त्रियांच्या हातांखालून हा कापूस जाई, त्यांच्या अंगावर मात्र त्या जरीची तार कधी काळी चढली असेल, असे मानण्यास काही आधार दिसत नाही. ज्या कापडाने बेट जगाला ठाऊक झाले ते बेटावरच्या सामान्य स्त्रीने नेसलेले कापड नव्हते. तिने जे विणले ते यादीत आले नाही, त्यावर जकात बसली नाही, आणि म्हणूनच कदाचित ते सत्तांतरांच्या तडाख्यातून सुखरूप निभावले. 1571 मध्ये उस्मानी तुर्कांनी बेट घेतले, तेव्हा दरबारी गिऱ्हाइकांवर पोसलेले उंची धंदे आपल्या आश्रयदात्यांना मुकले. परंतु घरातला माग दुसऱ्या दिवशीही चालूच राहिला असला पाहिजे, कारण राजा बदलला म्हणून कोणाच्या मुलीचे लग्न थांबत नाही.

उस्मानी अमदानीची तीन शतके या पोशाखावर जी छाप सोडून गेली तिच्याविषयी पुढे ग्रीक अभिमानी लेखकांनी थोडा संकोच बाळगला आहे, तो मला अनाठायी वाटतो. पुढून उघडी सायिया ही तुर्की एंतारीची सख्खी बहीण आहे, हे कोणाही डोळस माणसास दिसते. आलात्झा हे कापड आणि त्याचे नाव तुर्की मुलुखातील आहे. सुईने विणलेली रुमालाची जी नाजूक कड ग्रीक स्त्री पिपिल्ला म्हणून करी, तीच तिची तुर्की शेजारीण ओया म्हणून करी. साम्राज्याच्या वेषविषयक निर्बंधांनी कोणी कोणता रंग वापरावा यावर बंधने घातली होती, ती कधी कडक तर कधी ढिली असत. परंतु फर्मानांना रंगांचे जितके ज्ञान असते तितके टाक्यांचे नसते. एकाच विहिरीवर पाणी भरणाऱ्या आणि एकाच फेरीवाल्याकडून सुई-दोरा घेणाऱ्या दोन धर्मांच्या स्त्रियांनी आपापल्या टाक्यांची देवाणघेवाण करण्यासाठी कोणाची परवानगी घेतली असेल, असे वाटत नाही.

रंगाचा विषय निघालाच आहे तर मंजिष्ठाबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. लाल रंगावर या बेटाची विशेष भक्ती. पाफोसच्या आणि कार्पासच्या विणकामात तांबडी नक्षी पांढऱ्यावर अशी काही उठते की इतर रंग तिच्या तैनातीस ठेवल्यासारखे भासतात. हा लाल रंग ज्या मुळापासून निघे त्या मंजिष्ठाच्या जातीच्या वनस्पतीची लागवड फामागुस्ता भागातील वाळूसर जमिनीत होई. 1760 ते 1767 या काळात बेटावर राहिलेला जोव्हान्नी मारिती हा इटालियन गृहस्थ आपल्या 1769 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या प्रवासग्रंथात कापूस व रेशीम यांच्याबरोबर या मुळांचाही निर्यातीचा जिन्नस म्हणून उल्लेख करतो. पुढे ग्रेबे आणि लीबरमान या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी या मुळातील रंगद्रव्य प्रयोगशाळेत घडविले, आणि 1869 पासून कारखान्यांतून ते स्वस्तात निघू लागले. तेव्हा फ्रान्सपासून अनातोलियापर्यंतच्या मंजिष्ठाच्या शेतांवर जी अवकळा आली तीतून सायप्रसची शेतेही सुटली नाहीत. गंमत अशी की, आज ज्या जुन्या वस्त्रांच्या भडक तांबड्या रंगास आपण ‘अस्सल परंपरागत’ म्हणून दाद देतो, त्यांतील कित्येक वस्त्रे या घटनेनंतरची, म्हणजे बहुधा जर्मन रसायनात न्हालेली आहेत. अस्सलपणाची कसोटी लावणारे रसिक सामान्यतः सालाकडे दुर्लक्ष करतात.

रसिकांचा दुसराही एक आवडता सिद्धान्त आहे, आणि तो नक्षीच्या प्राचीनत्वाचा आहे. पाफोसच्या डोंगराळ भागात फीती नावाचे गाव आहे. तेथील कापडावर रंगीत दोऱ्यांनी विणता-विणताच उठावाची नक्षी काढतात, आणि त्या कापडाला गावावरूनच फीथ्कियोतिका हे नाव पडले आहे. शंकरपाळ्यासारखे चौकोन, नागमोडी रेषा, पायऱ्या-पायऱ्यांचे त्रिकोण, असा त्या नक्षीचा संसार. याच आकृती सायप्रसच्या लोहयुगीन मृत्पात्रांवरही आहेत, हे निर्विवाद होय; आणि त्यावरून तीन हजार वर्षांची अखंड परंपरा सिद्ध झाली, असे उत्साहाने सांगितले जाते. मला या उत्साहाचा मोह होतो, परंतु माग त्याच्या आड येतो. ताणा आणि बाणा एकमेकांस काटकोनात छेदतात. विणणारी स्त्री ताण्याचे धागे मोजून उचलते. एक धागा सरकवीत गेले तर तिरकी रेघ होते, परत फिरले तर नागमोड, आणि दोन नागमोडी समोरासमोर आल्या की चौकोन. मागावर वर्तुळ काढणे कष्टाचे, चौकोन काढणे अपरिहार्य. म्हणून पेरूपासून आसामपर्यंत जेथे जेथे धागे मोजून विणतात तेथे तेथे ही भूमिती आपोआप अवतरते, आणि तिच्या सादृश्यावरून वंशावळ मांडणे म्हणजे दोन माणसांना पाच-पाच बोटे आहेत म्हणून त्यांस भाऊ ठरविण्यासारखे आहे. परंपरा अखंड असेलही; पण तिचा दाखला या चौकोनात नाही.

आता निवाड्याकडे वळू. सायप्रसच्या खेड्यात मुलगी सुई धरण्याजोगी झाली की तिच्या लग्नाच्या संदुकीची भरती सुरू होई. कोरीव लाकडाची ही संदूक घरातील एकमेव शोभिवंत वस्तू असे, आणि तिच्या पोटात चादरी, उशांचे अभ्रे, पंचे, सदरे, रुमाल, पडदे यांची बेगमी वर्षानुवर्षे साठत जाई. लग्नापूर्वी हे सगळे कापड बाहेर काढून दोऱ्यांवर व भिंतींवर टांगले जाई आणि गावातील स्त्रिया ते पाहण्यास येत. लग्नाची गादी शिवणे हाही एक स्वतंत्र सोहळा असे. वाद्यांच्या साथीत स्त्रिया ती शिवीत, तिच्यावर तांबड्या फितीचे क्रूस टाचीत, आणि आप्तेष्ट तीवर नाणी टाकीत. आमच्याकडे मांडवात रुखवत मांडतात तेव्हा वरपक्षाच्या बायका ज्या नजरेने त्याच्यावरून डोळे फिरवितात, ती नजर ज्यांनी पाहिली आहे त्यांना सायप्रसच्या त्या दोऱ्यांवर टांगलेल्या कापडांपुढे काय चालत असेल, हे निराळे सांगावयास नको. कौतुक असे, हे खरे; परंतु टाके मोजणेही असे. कापड बोलत असे की, या मुलीने आपली संध्याकाळ वाया घालविली नाही, हिचा हात स्थिर आहे, हिला चिकाटी आहे. आणि ज्या मुलीच्या दोरीवर कापड कमी, तिच्या वतीने बोलणारे कोणी नसे.

येथे माझ्या कौतुकास किंचित कातर लागते. लोककलेच्या स्तुतिपर लेखनात या श्रमांना ‘फावल्या वेळातील छंद’ म्हणण्याची चाल आहे, आणि तिच्याइतकी दिशाभूल करणारी चाल दुसरी नसेल. ज्या स्त्रीने पहाटे जात्यावर बसावे, दिवसा पिकाची कापणी व जैतुनाची वेचणी करावी, आणि रात्री मुलांना निजवावे, तिच्या दिवसात फावला वेळ कोठून यावा? जो वेळ नव्हता तो तिने काठावर भरला. तिला त्यात आनंद नव्हता असे मी म्हणत नाही. एखादी नागमोड चुकल्यावाचून कोपऱ्याशी येऊन वळते तेव्हा होणारा संतोष खरा असतो, आणि तो पुरुषांच्या कोणत्याही कारागिरीतील संतोषाहून उणा नसतो. परंतु हा आनंद तिला सक्तीच्या पोटी मिळाला होता, आणि त्या सक्तीला तिचा समाज सद्गुण म्हणत होता. सुईदोऱ्याने व्यक्त होणाऱ्या निष्ठेची जेथे जेथे स्तुती चालते तेथे तेथे ही गोष्ट विसरण्याकडे कल असतो.

त्रोदोस पर्वताच्या आग्नेय उतारावरील लेफ्कारा या गावाची हकीकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तेथील पांढऱ्यावर पांढऱ्या भरतकामाची कीर्ती जगभर आहे, आणि 2009 मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत त्याची नोंद केली. मूळचे काम देशी सुती कापडावरचे, सदऱ्यांवरचे व चादरींवरचे; त्यात व्हेनिसच्या सरदार घराण्यांतील जाळीकामाचे संस्कार मिसळून आजचे लेफ्कारितिका सिद्ध झाले, असे सामान्यतः मानतात. आधी आकृती योजावयाची, मग कापडातील ठरावीक धागे मोजून ओढून काढावयाचे आणि उरलेल्या धाग्यांना टाक्यांनी आवळून त्यांची जाळी करावयाची, मग चौकोन कापावयाचे, आणि शेवटी भरीव टाक्यांनी व सुईच्या जाळीने रिकाम्या जागा भरावयाच्या, असा हा क्रम आहे. नदी या अर्थाच्या पोतामोस नावाची एक नागमोडी आकृती त्यात वारंवार येते. या कामाची खरी परीक्षा करणारे लोक कापड उलटे करून पाहतात, कारण उत्तम कामाची मागची बाजू पुढच्या बाजूसारखीच असते. गाठ दिसत नाही, दोरा लोंबत नाही. पुरावा दोन्ही अंगांनी तपासून घेता यावा, याहून कडक कायदा कोणत्या न्यायासनाने केला असेल?

लेफ्काऱ्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली जाणारी लिओनार्दो दा विंचीची कथा मात्र त्या कसोटीस उतरत नाही. लिओनार्दो 1481 साली या गावी आला आणि त्याने मिलानच्या मुख्य देवळासाठी वेदीवर अंथरण्याचे वस्त्र येथून नेले, अशी ती कथा. त्या वर्षी मार्च महिन्यात फ्लॉरेन्सजवळच्या एका मठाने त्याच्याशी एका मोठ्या वेदीचित्राचा करार केला होता आणि लवकरच तो मिलानला गेला, हे कागदोपत्री आहे. सायप्रसचा उल्लेख असलेला समकालीन कागद एकही नाही. परंतु कथा खोटी असली तरी तिची गरज खोटी नव्हती. आपल्या स्त्रियांनी केलेले काम मोलाचे आहे, हे सांगण्यासाठी गावाला एका थोर पुरुषाची आणि एका परदेशी गिऱ्हाइकाची साक्ष काढावी लागली. शेकडो अनामिक स्त्रियांच्या हातांची साक्ष पुरेशी वाटली नाही. आता तर एका नक्षीलाच दा विंचीचे नाव चिकटले आहे, म्हणजे ज्याने तिचा एकही टाका घातला नाही त्याचे नाव राहिले आणि जिने तो प्रथम घातला तिचे गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, म्हणजे 1878 मध्ये बेटाचा कारभार इंग्रजांकडे आल्यावर, लेफ्काऱ्याचे कापड घराबाहेर विकले जाऊ लागले, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या व्यापाराने गावाचा कायापालट केला. पुरुषांनी गाठोडी बांधली आणि ते ईजिप्तपासून इंग्लंडपर्यंत दारोदार फिरले. या फिरस्त्या व्यापाऱ्यांस केंदितारिदेस म्हणत. स्त्रिया, ज्यांना प्लुमारिसेस म्हणत, त्या गल्लीत दाराशी उजेडाला बसत आणि मांडीवरच्या उशीला कापड टाचून काम करीत. गावातील दगडी दुमजली घरांची ऐट ज्या पैशाने आली तो याच उशीवर जमला होता. परंतु या मामल्यात कापडाचा जन्म बदलला. गिऱ्हाइकाला सदरा नको होता, मेजपोस हवा होता. नवरीची चादर नको होती, चहाच्या ताटलीखालचा रुमाल हवा होता. कापड देशी हातमागाचे राहिले नाही, ते परदेशी तागाचे झाले, कारण सम विणीच्या तागावर धागे मोजणे सुकर होते. जी नक्षी अंगाच्या काठावर होती ती मेजाच्या काठावर गेली, आणि जिने ती भरली तिला तिच्यावर जेवावयास बसण्याचा प्रसंग क्वचितच आला असेल.

येथे लोककलेचे कैवारी अश्रू ढाळतात, आणि त्यांच्याबरोबर ढाळावेत असे मला पुरते वाटत नाही. बाजाराने त्या कामाचा अपमान केला, हे खरे. एकच आकृती शंभरदा भरावयास लावली, घाई केली, दलालाचा हिस्सा मोठा ठेवला आणि सुईचा लहान. परंतु त्या श्रमांची मोजदाद प्रथम बाजारानेच केली, हेही तितकेच खरे. गावाच्या निवाड्यात चिकाटीचे गुण मिळत. पैसा मिळत नसे. ज्या संध्याकाळी पिढ्यान्पिढ्या निःशब्दपणे संदुकीत जात होत्या, त्यांना काही एक दर असू शकतो, ही कल्पना लेफ्काऱ्याच्या स्त्रीच्या मनात व्यापाऱ्याच्या वहीने घातली. आणि तो दर अन्यायाचा आहे, हे कळण्यासाठीही आधी दर असावा लागतो. सद्गुणाविषयी तगादा लावता येत नाही, मजुरीविषयी येतो.

शहरांतील हकीकत निराळी, आणि ती थोडक्यात सांगितली तरी चालेल. निकोसिया व लार्नाका येथील सधन ग्रीक स्त्रियांनी एकोणिसाव्या शतकात जो वेष पत्करला त्यात मखमली वा बनातीच्या सार्का नावाच्या आखूड, अंगाबरोबर बसणाऱ्या कुडत्यावर सोनेरी कलाबूत, खाली रेशमी घेरदार झगा, आणि डोईला गोंड्याची फेज टोपी असे. ग्रीसचा पहिला राजा ओथोन याची राणी आमालिया हिने आपल्या दरबारासाठी जो वेष रूढ केला, त्याचे हे दूरचे प्रतिबिंब होते. म्हणजे जर्मन राजकन्येने ग्रीक लोकवेषावर युरोपीय झग्याचे कलम केले आणि ते कलम तुर्की अमलाखालील एका बेटावर ग्रीकत्वाची खूण म्हणून रुजले. जॉन थॉमसन या स्कॉटिश छायाचित्रकाराने 1878 च्या शरद ऋतूत बेटाची जी छायाचित्रे टिपून पुढच्या वर्षी दोन खंडांत प्रसिद्ध केली, त्यांत हा जुना-नवा संसार एकत्र नांदताना दिसतो. नंतर शिवणयंत्र आणि विलायती छीट आली, आणि शहरातील वेष एका पिढीत युरोपीय झाला. त्याबद्दल फार शोक करण्याचे कारण मला दिसत नाही; तो वेष आधीपासूनच फॅशन होती, आणि फॅशनचा मृत्यू नैसर्गिक असतो.

खेड्यांतील वेष मात्र मरता-मरता संग्रहालयाच्या हाती लागला. 1936 मध्ये सायप्रसच्या अभ्यासासाठी एक विद्वत्सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने निकोसियाच्या जुन्या आर्चबिशपच्या वाड्यात लोककलासंग्रहालय उभारले. चित्रकार आदामान्तिओस दियामान्तिस यांनी दीर्घकाळ त्याची धुरा वाहिली. त्यांच्या पिढीने वस्तू गोळा केल्या नसत्या तर आज यातले काहीच लिहिता आले नसते, हे ऋण मान्य करूनही म्हणावेसे वाटते की, संग्रहालयात शिरताना प्रत्येक वस्त्राच्या गळ्यात एक चिठ्ठी पडते, आणि तीवर गावाचे नाव येते, जिल्ह्याचे येते, समाजाचे येते, परंतु जिने ते केले तिचे नाव येण्याची वेळ विरळा. दफ्तरात नोंद झाली, आणि साक्षीदार तेवढी गाळली गेली.

समाजाच्या नावाची ती चिठ्ठी पुढे फार जड झाली. लेफ्काऱ्यात तुर्की कुटुंबेही नांदत होती आणि त्यांच्या स्त्रियाही तोच टाका घालीत होत्या. 1963 च्या अखेरीस सुरू झालेल्या यादवीत आणि 1974 च्या फाळणीत तुर्की सायप्रसवासी उत्तरेकडे गेले, तेव्हा ती सुईही उत्तरेकडे गेली, आणि आज तेथे ‘लेफ्कारा इशी’, म्हणजे लेफ्काऱ्याचे काम, या नावानेच ते चालते. गाव सुटले, गावाचे नाव टाक्याला धरून राहिले. उलट दिशेने उत्तरेकडील लापिथोसहून, जेथले रेशीम व भरतकाम बेटभर वाखाणले जाई, आणि कार्पासहून ग्रीक कुटुंबे दक्षिणेस आली. एखाद्या दिवसाच्या अवधीत घर सोडणाऱ्यांनी काय उचलले असेल? संदूक कोणाच्याने उचलवत नाही. ज्या कापडाने मुलीच्या आयुष्यातील संध्याकाळींचा हिशेब गावापुढे मांडावयाचा, ते कापड मागे राहिले, आणि ज्या गावापुढे तो मांडावयाचा ते गावच पांगले. आज दोन्ही बाजूंची सरकारे व मंडळे या वस्त्रांना आपापला राष्ट्रीय वारसा म्हणतात. नृत्यपथके रंगमंचावर सायिया आणि सार्का घालून नाचतात, आणि त्या सायियाचे कापड पुष्कळदा यंत्रावरचे असते, कारण नाचणाऱ्यांच्या घामाला आणि धुलाईला तेच टिकते. काठावरच्या नक्षीला तेथे आता एकच काम उरले आहे, ते म्हणजे आपण कोण हे दुरून ओळखू येणे.

1974 नंतर दक्षिणेत सरकारने निर्वासित स्त्रियांना हाताला काम मिळावे म्हणून हस्तव्यवसाय केंद्रे काढली आणि तेथे मागावर जुन्याच नक्ष्या विणल्या जाऊ लागल्या. काही स्त्रियांनी आपल्या गमावलेल्या संदुकीतील वाण पुन्हा जसेच्या तसे उभे केले असेल; फरक एवढाच की आता त्याची हजेरी लागत होती, वेतन ठरलेले होते, आणि तयार कापड दुकानात विक्रीस ठेवले जाई. काळाच्या ओघात त्या स्त्रिया म्हाताऱ्या झाल्या आणि त्यांच्या मुली शिकून कचेऱ्यांत व शाळांत गेल्या. लेफ्काऱ्याच्या गल्लीतही हेच झाले; तेथे उशी मांडीवर घेऊन बसणाऱ्यांत तरुण चेहरे थोडे, आणि दुकानांतून परदेशी यंत्रांवर निघालेल्या जाळीचा माल खऱ्याच्या शेजारी निर्लज्जपणे मांडलेला. मुलींनी शिकण्याचे नाकारले म्हणून त्यांना कोणी दोष देऊ नये. त्यांनी आईच्या तासांचा आणि आईला मिळालेल्या दामाचा भागाकार केला, इतकेच. एका मोठ्या मेजपोसास कित्येक महिने लागतात, आणि त्या महिन्यांची मजुरी आजच्या दराने लावली तर जी रक्कम होते ती ऐकून प्रवासी आधी चकित होतो, मग कापड उलटून पाहतो, आणि मग शेजारच्या दुकानात जातो.